कोडिंगसाठी स्वस्तातला टॅब घेताय? आधी हे सगळं तपासा, मग पैसे काढा

आंब्याचा सीझन संपून हातात चार पैसे आले आणि बारावीचा निकाल लागला की दरवर्षी जूनमध्ये हा प्रश्न येतोच, पोरगं कॉम्प्युटर सायन्सला जातंय, नवा लॅपटॉप परवडत नाही, पंधरा-वीस हजारात टॅब घेतला तर प्रोग्रामिंग जमेल का. जमेल. पण कुठला टॅब घ्यायचा त्याच्या आधी दुसरा एक प्रश्न आहे तो कोणी विचारतच नाही, लिहिलेला कोड चालणार कुठे? टॅबच्या आत, की इंटरनेटवरून लांबच्या कुठल्यातरी सर्व्हरवर?

पुण्या-मुंबईचे व्हिडिओ बघितलेत तर सगळे सर्व्हरवालंच धरून चालतात, कारण त्यांच्याकडे वायफाय चोवीस तास असतं. आपल्याकडे कोकणात जुलैत लाईट गेली की थोड्या वेळाने टॉवरची बॅटरी पण उतरते आणि मग "रेंज गावता काय?" करत अख्खी वाडी फोन घेऊन घाटीवर. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडच्या गावांत कित्येक दिवस लाईट नव्हती. म्हणून मी एकच गोष्ट धरून सांगतोय, कोड टॅबमध्येच चालला पाहिजे आणि नेट मिळालं तर बोनस. हे एकदा ठरलं की रॅम किती, स्टोरेज किती, कीबोर्ड कुठला ही उत्तरं आपोआप बदलतात.

सिलॅबस समोर ठेवा

कॉलेजचा सिलॅबस उघडा आणि पहिल्या दोन वर्षांत काय आहे ते कागदावर लिहून काढा. पायथन, सी, सी प्लस प्लस, एचटीएमएल-सीएसएस-जावास्क्रिप्ट, एसक्यूएल, गिट (कोडच्या जुन्या-नव्या प्रती सांभाळणारं टूल), डेटा स्ट्रक्चर एवढंच असेल तर बिनधास्त टॅब घ्या, हे सगळं अँड्रॉइडवर नेटशिवाय चालतं. जावाही चालतो, टर्मक्स नावाच्या ॲपमध्ये जावा चालवणारं ओपनजेडीके टाकता येतं, फक्त रॅम जास्त खातो.

काय चालत नाही तेही ऐका. अँड्रॉइड स्टुडिओ चालत नाही, म्हणजे अँड्रॉइडचं ॲप बनवायचं जे मेन सॉफ्टवेअर तेच अँड्रॉइड टॅबवर चालत नाही, त्याला विंडोज, मॅक किंवा लिनक्सवालं मशीन लागतं. मायक्रोसॉफ्टचं मोठं व्हिज्युअल स्टुडिओ नाही, गेम बनवायचं युनिटी नाही, डॉकर (प्रोग्राम वेगळ्या डब्यात चालवायचं टूल) तर टॅब रूट केल्याशिवाय, म्हणजे सिस्टिमचा पूर्ण ताबा घेतल्याशिवाय, विसराच. आणि अजून एक गंमत, काही कॉलेजात अजून टर्बो सी ची निळी स्क्रीन आहे, तिथले प्रोग्राम जसेच्या तसे टॅबवर टाकलेत तर एरर येणार कारण टर्बो सीची कोनिओ नावाची हेडर फाइल, स्क्रीन पुसायची ओळ आणि शेवटी बटण दाबायची वाट बघायची ओळ आजच्या कंपायलरला (कोड मशीनच्या भाषेत बदलणाऱ्या प्रोग्रामला) माहीतच नाही. त्या तीन ओळी काढा, मेन फंक्शन इंट करा, बाकी बहुतेक वेळा चालून जातं.

आता ज्याच्या सिलॅबसमध्ये पहिल्याच वर्षी अँड्रॉइड स्टुडिओ किंवा मायक्रोसॉफ्टचं डॉट नेट आहे त्याने इथेच थांबावं आणि आठ जीबी रॅम, एसएसडीवाला जुना रिफर्बिश्ड लॅपटॉप बघावा, त्याच पैशात मिळून जातो. मी टॅबचा वकील नाही. पण जुन्या लॅपटॉपची बॅटरी दमलेली असते, तास-दीड तासात बंद, आणि पावसाळ्यात आपल्याकडे तेवढ्यात लाईट परत येईल याची खात्री नाही. टॅब सहा-आठ तास सहज जातो आणि मोबाईलच्याच पॉवर बँकेवर परत चार्ज होतो. एसटीत, खळ्यात, माळ्यावर कुठेही बसून वापरता येतो. मी टॅबच्या बाजूने बोलतो ते या एका कारणासाठी.

कोड चालवायचे तीन रस्ते

पहिला रस्ता टॅबच्या आतला. फक्त पायथन शिकायचंय तर पायड्रॉइड ३ टाका, ॲप उघडलं, कोड लिहिला, पिवळं बटण दाबलं, आउटपुट समोर, नेट नको. सी आणि सी प्लस प्लससाठी त्याच लोकांचं सीएक्सएक्सड्रॉइड आहे. वेब पेज शिकायला एकोड (Acode) किंवा स्पीक (Spck) एडिटर. पण जो पोरगा खरंच पुढे जाणार आहे त्याने पहिल्या महिन्यापासून टर्मक्सच शिकावं, कारण ते लिनक्सचं टर्मिनल आहे, म्हणजे कमांड टाइप करून काम करायची खिडकी, पायथन, नोड (जावास्क्रिप्ट चालवणारं), क्लँग (सीचा कंपायलर), गिट, मारियाडीबी (एसक्यूएलचा डेटाबेस) सगळं त्यात टाकता येतं आणि तिथे जे कमांड शिकाल तेच पुढे कंपनीतल्या सर्व्हरवर चालतात. सुरुवातीला काळी स्क्रीन बघून घाबरायला होतं, आठवड्याभरात हात बसतो.

दुसरा रस्ता ब्राउझरचा. गिटहब ही कोड नेटवर ठेवायची साइट, तिच्या कोडस्पेसेसमध्ये पर्सनल अकाउंटला महिन्याला १२० कोअर-तास फुकट मिळतात, म्हणजे दोन कोअरचं मशीन घेतलं तर ६० तास, शिवाय १५ जीबी जागा. विद्यार्थ्याला एवढं पुष्कळ झालं. व्हीएस कोड हा पूर्ण एडिटर, टर्मिनलसकट, क्रोममध्ये. फक्त दोन गोष्टी लक्षात ठेवा, काम झालं की मशीन स्वतः बंद करा नाहीतर तास जळत राहतात, आणि कोडस्पेसला महिनाभर हात लावला नाही तर ती डिलीट होते, गणपतीची सुट्टी आणि त्यानंतरची परीक्षा यात महिना कधी जातो कळत नाही. मशीन लर्निंग करायचं असेल तर गुगल कोलॅब, तिथे टॅब कितीही महाग घेतलात तरी फरक पडत नाही, काम गुगलच्या मशीनवरच होतं.

तिसरा रस्ता म्हणजे घरात किंवा मुंबईला दादाकडे पडलेला जुना पीसी चालू ठेवून टॅबवरून एसएसएचने, म्हणजे नेटवरून त्याचं टर्मिनल उघडून, त्यात शिरायचं. शिकायला मस्त आहे, पण तिकडचा पीसी बंद पडला तर चालू कोण करणार, त्यामुळे यावर अवलंबून राहू नका.

रोजचं काम पहिल्या रस्त्याने आणि जड काम रेंज असेल तेव्हा दुसऱ्या रस्त्याने, कोकणात तरी हाच हिशोब बरोबर बसतो.

आता आकडे

रॅम. चार जीबीचा टॅब दुकानदार जोर लावून विकेल कारण तो तीन-चार हजाराने स्वस्त दिसतो. नको. अँड्रॉइड स्वतःच दीड-दोन जीबी घेऊन बसतं, वर क्रोममध्ये तीन टॅब उघडले, मागे टर्मक्समध्ये नोड चालू आहे, की सिस्टिम मागचं ॲप मारून टाकते आणि तुमचा चालू प्रोग्राम गायब. सहा जीबी कमीत कमी, आठ मिळाला तर उत्तम. "८ जीबी प्लस ८ जीबी" असं बॉक्सवर लिहिलेलं असतं त्यातला दुसरा आठ हा स्टोरेजमधून उसना घेतलेला असतो, तो मोजूच नका.

प्रोसेसर. नाव पाठ करायची गरज नाही, आत मोठे, म्हणजे वेगवान कोअर आहेत का एवढं बघा. कॉर्टेक्स ए५३ या छोट्या, हळू जातीचे आठच्या आठ कोअर असलेली चिप, उदाहरणार्थ मीडियाटेक हेलिओ पी२२टी, कोडिंगला रडवते, एक साधं पॅकेज टाकायला चहा होऊन जातो. हेलिओ जी८५, जी८८ आणि युनिसॉक टी६०६, टी६१६ यात दोन ए७५ कोअर असतात, शिकाऊ कामाला ठीक. स्नॅपड्रॅगन ६८० मध्ये चार ए७३ आहेत आणि चिप ६ नॅनोमीटरची असल्याने तापत कमी, बॅटरी बरी टिकते. खरा फरक जाणवतो तो हेलिओ जी९९ पासून, त्यात दोन ए७६ आहेत, आणि स्नॅपड्रॅगन ६९५ मध्ये दोन ए७८. कंपाइल करताना एकेका कोअरचा वेग कामाला येतो, म्हणून "ऑक्टा कोअर" हा शब्द ऐकून भुलू नका, आठ बैल अशक्त असले तर नांगर काय ओढणार.

६४ बिट. हे कोणी बघत नाही आणि इथेच फसतात. काही स्वस्त टॅबमध्ये चिप ६४ बिटची असते पण कंपनीने वरचं अँड्रॉइड ३२ बिटचं टाकलेलं असतं, रॅम वाचवायला. मग टर्मक्स चालतं पण पुढची बरीच टूल्स मिळत नाहीत किंवा जुनी मिळतात. दुकानातल्या डेमो पीसवर सीपीयू-झेड ॲप टाका, सिस्टिमच्या पानावर कर्नल आर्किटेक्चर असं लिहिलेलं असतं, त्याच्यासमोरच्या नावात ६४ हा आकडा दिसला पाहिजे. v७ किंवा v८ ला एल जोडलेलं काहीतरी दिसलं तर टॅब परत ठेवा.

स्टोरेज. १२८ जीबीच घ्या. "६४ घ्या, वरून मेमरी कार्ड टाका" हा सल्ला सिनेमे बघणाऱ्याला ठीक आहे, कोडिंगवाल्याला नाही. मेमरी कार्डवरून किंवा डाउनलोड फोल्डरमधून टर्मक्सला प्रोग्राम चालवता येत नाही, अँड्रॉइड तिथे फाइल रन करायची परवानगीच देत नाही आणि सिम्लिंक (एका फाइलकडे बोट दाखवणारी दुसरी फाइल) पण बनत नाहीत, त्यामुळे नोडचे मॉड्यूल किंवा पायथनचं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (एका प्रोजेक्टपुरतं वेगळं फोल्डर) तिकडे ठेवलंत की विचित्र एरर येत राहतात आणि पोरगं दोन दिवस डोकं खाजवत बसतं. सगळं काम आतल्या स्टोरेजमध्येच. कार्ड फक्त पीडीएफ, लेक्चरचे व्हिडिओ आणि बॅकअपसाठी. जमलं तर स्टोरेज ईएमएमसी आहे की यूएफएस तेही विचारा, यूएफएस बराच वेगवान, पण या बजेटात चॉइस फार नसतो.

स्क्रीन. साडेआठ इंची टॅब हातात छान वाटतो, कोडला लहान पडतो. १०.५ ते ११ इंच आणि १९२० बाय १२०० रिझोल्यूशन ही खालची मर्यादा समजा. त्यातही उंची बघा, कोड वरून खाली वाचतात, लांबट सिनेमावाल्या स्क्रीनवर ओळी कमी बसतात. वनप्लस पॅड गो ची स्क्रीन ७:५ आहे, वहीसारखी चौकोनी, त्यावर चार-पाच ओळी जास्त दिसतात. हर्ट्झ किती, कॅमेरा किती मेगापिक्सेल, स्पीकर चार की दोन, हे सगळं सोडून द्या.

अँड्रॉइड कुठलं. जितकं नवं तितकं बरं, आणि यामागे एक ठोस कारण आहे. अँड्रॉइड १२ पासून सिस्टिमने नवीन नियम आणला, ॲप्सनी मागे चालू केलेले छोटे प्रोग्राम, म्हणजे चाइल्ड प्रोसेस, सगळे मिळून ३२ च्या वर गेले की ती मारायला सुरुवात करते. टर्मक्समध्ये मध्येच "सिग्नल ९" असं दाखवून सगळं बंद पडलं तर हाच प्रकार. अँड्रॉइड १४ मध्ये डेव्हलपर ऑप्शन्समध्ये ही बंदी उठवायचं बटणच दिलेलं आहे, १२ वर मात्र साधारणपणे दुसऱ्या कॉम्प्युटरवरून कमांड द्यावी लागते. त्यामुळे १४ किंवा पुढचं असलेलाच घ्या, किंवा अपडेट मिळालेला आहे ना ते बघा. गुगलने २०२५ मध्ये पिक्सेल फोनवर डेबियन लिनक्सचं टर्मिनल दिलं त्याच्या बातम्या दाखवून कोणी "आता सगळ्या टॅबवर लिनक्स येणार" म्हणाला तर हसून सोडून द्या, त्याला चिपचा व्हर्च्युअलायझेशन सपोर्ट (मशीनच्या आत दुसरं मशीन चालवायची सोय) लागतो, स्वस्तातल्या टॅबच्या भरवशावर ते धरून चालू नका.

आता नावं. रेडमी पॅड एसई एप्रिल २०२४ मध्ये भारतात आला तेव्हा ८ जीबी-१२८ जीबीवाला १४,९९९ ला होता, स्नॅपड्रॅगन ६८०, ११ इंच, ८००० एमएएच. वनप्लस पॅड गो ऑक्टोबर २०२३ ला १९,९९९ पासून, हेलिओ जी९९. सॅमसंग गॅलेक्सी टॅब ए९ प्लसमध्ये स्नॅपड्रॅगन ६९५ आणि शिवाय डेक्स, म्हणजे पीसीसारख्या खिडक्या उघडून एडिटर, टर्मिनल, ब्राउझर बाजूबाजूला ठेवता येतात, कोडिंगला हे फार कामाचं, पण त्याचा ४ जीबी-६४ जीबीवाला पण विकतात तो चुकूनही घेऊ नका. ही मॉडेलं आता जुनी होत चालली, नेमकी हीच मिळतील असं नाही, यांच्या पुढच्या आवृत्त्या बघा आणि वरचे आकडे लावून तपासा.

आयपॅडचं दोन ओळीत आटपतो. नवा आयपॅड या बजेटच्या बाहेर जातो. मुंबईच्या काकाने जुना दिलाच तर ए-शेल, पायथनिस्टा, स्विफ्ट प्लेग्राउंड्स आहेत, शिकायला छान, पण टर्मक्सएवढी मोकळीक ॲपल देत नाही. फुकट मिळाला तर घ्या, पैसे घालून नको.

कीबोर्ड, म्हणजे अर्धा टॅब

याचे पैसे बजेटमधून आधीच बाजूला काढा. आडव्या टॅबवर स्क्रीनचा कीबोर्ड उघडला की निम्मी स्क्रीन गेली, उरलेल्यात सात-आठ ओळी, आणि कंस, सेमीकोलन, अंडरस्कोअर शोधायला दरवेळी दुसरं पान. असं कोडिंग पंधरा दिवस कोणी केलं तर सोळाव्या दिवशी टॅबवर रील्सच चालू असतात.

कंपनीचा कव्हरवाला कीबोर्ड दिसायला सुंदर आणि किंमतीला टॅबच्या चौथा-पाचवा हिस्सा. माझं मत, नको. साधा यूएसबीवाला डेस्कटॉप कीबोर्ड चार-पाचशेत येतो, शंभर-दीडशेची टाइप सी ओटीजी पिन लावा, टॅब पुस्तकाच्या स्टँडवर उभा करा, झालं. पूर्ण साइझच्या किज, बोटं बसतात, खराब झाला तर दुसरा. त्रास एकच, टॅबला पोर्ट एकच असतो, कीबोर्ड लावला की चार्जिंग बंद. चार्जिंग आणि कीबोर्ड दोन्ही एकदम देणारे हब येतात पण प्रत्येक स्वस्त टॅब ते मान्य करत नाही, दुकानात लावून बघितल्याशिवाय हब घेऊ नका. ज्याच्याकडे लाईटचा भरवसा नाही आणि पॉवर बँक सतत लावलेली असते त्याने ब्लूटूथ कीबोर्ड घ्यावा.

ब्लूटूथ घेताना डावीकडे वरचा कोपरा बघा. टॅबसाठी म्हणून विकतात त्या छोट्या कीबोर्डांवर एस्केपच्या जागी होमचं बटण असतं. विम एडिटर शिकणारा पोरगा मिनिटाला दहा वेळा एस्केप दाबतो आणि दर वेळी होम स्क्रीनवर जाऊन पडतो. कंट्रोल, ऑल्ट, टॅब आणि बाणांच्या चार किज वेगळ्या आहेत ना तेही बघा. मग टॅबच्या सेटिंग्जमध्ये फिजिकल कीबोर्डच्या पानावर जाऊन स्क्रीनवरचा कीबोर्ड दाखवायचं बंद करा, लेआउट इंग्लिश ठेवा, मराठी लेआउटवर कोड टाइप होत नाही आणि भाषा बदलायचा शॉर्टकट चुकून दाबला जातो. माऊस घेतला तर सोन्याहून पिवळं, दोनशे रुपयांचा पण चालेल, कोडमध्ये बोटाने नेमकं अक्षर पकडणं म्हणजे वैताग.

एक अपेक्षा आधीच सोडा. या बजेटच्या टॅबचा टाइप सी पोर्ट बहुतेक वेळा चार्जिंग आणि डेटापुरताच असतो, त्यातून मॉनिटरला किंवा टीव्हीला केबलने चित्र जात नाही.

सिमवाला की वायफायवाला

सगळे सांगतात, गावात राहता तर सिमवाला घ्या. मी उलट सांगतो. आपल्या चिरेबंदी घरात रेंज एका ठराविक कोपऱ्यात येते, पडवीच्या खांबाशी नाहीतर मागच्या खिडकीत. सिम टॅबमध्ये असेल तर टॅब घेऊन, कीबोर्ड घेऊन, त्या खांबाशीच बसावं लागणार, पाऊस आडवा आला की उठा. त्यापेक्षा फोन तिथे खिडकीत ठेवा, हॉटस्पॉट चालू करा, आणि आत पंख्याखाली वायफाय टॅबवर काम करा. वाचलेल्या दोन-चार हजारात कीबोर्ड आणि पॉवर बँक दोन्ही येतात. सिमवाला तेव्हाच घ्या जेव्हा घरात फोन एकच आहे आणि तो दिवसभर बाबांबरोबर होडीवर किंवा कामावर जातो.

विकत घेताना

ऑनलाइन दोन हजार कमी दिसतात, पण त्याआधी त्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर कुठे आहे ते कंपनीच्या वेबसाइटवर तुमचा पिनकोड टाकून बघा. रत्नागिरी, चिपळूण किंवा कुडाळात असेल तर छान. कोल्हापूरला जावं लागणार असेल तर घाट चढून जायचा-यायचा एक दिवस आणि परत आणायला दुसरा, तो खर्च किंमतीत धरा. मुंबईतला दादा गणपतीला येताना घेऊन येणार असेल तर त्याला सांगा बिल तुमच्या नावावर आण, आणि घरी आल्या आल्या बॉक्स उघडून तपासा, आरतीच्या गडबडीत टॅब कपाटात जातो आणि परत करायची मुदत निघून जाते.

"१० इंच, १२ जीबी रॅम, ५१२ जीबी, फक्त ६,५००" असली जाहिरात दिसली की समजा सॉफ्टवेअरमध्ये आकडे खोटे भरलेत. बॉक्सवर आणि टॅबच्या मागे बीआयएस या सरकारी मानक संस्थेचा रजिस्ट्रेशन नंबर असतो, आर पासून सुरू होणारा, तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून तपासता येतो. नंबर नाही तर व्यवहार नाही.

सेकंडहँड घेत असाल तर बॅटरी बघा, शंभर टक्क्यांवरून अर्धा तास व्हिडिओ लावून किती उतरते, चार्जिंग पिन ढिली आहे का, पोर्टमध्ये हिरवट गंज आहे का. बंदरावरच्या घरात वापरलेला असेल तर तो गंज असतोच, खाऱ्या हवेत पिना आधी जातात.

पहिल्या रात्रीचं सेटअप

हे शक्यतो कॉलेजच्या किंवा शहरातल्या नातेवाइकांच्या वायफायवर करा, एकदोन जीबी डाउनलोड आहे. टर्मक्स एफ-ड्रॉइड (मोफत ॲप्सचं वेगळं स्टोअर) किंवा गिटहबवरूनच घ्या, डेव्हलपर स्वतः तेच सांगतात, आणि एकदा एका ठिकाणाहून घेतलंत की त्याचे सगळे जोडॲप तिथूनच, मिसळलेत तर सही जुळत नाही म्हणून इन्स्टॉल होत नाहीत. उघडल्यावर आधी पॅकेजची यादी अपडेट आणि अपग्रेड करा, मग पायथन, गिट, क्लँग, नोडजेएसचं एलटीएस (जास्त दिवस सपोर्ट मिळणारी आवृत्ती), एवढ्या चार गोष्टी टाका. आकडेमोडीची नंपाय लायब्ररी हवी असेल तर पिपने (पायथनच्या स्वतःच्या इन्स्टॉलरने) टाकू नका, पिप ते तिथल्या तिथे कंपाइल करायला बसतो, टॅब तापतो आणि बऱ्याचदा शेवटी एररच. टर्मक्सच्या स्वतःच्या पॅकेजमध्ये पायथन-नंपाय या नावाने तयार मिळतं, मॅटप्लॉटलिबही मिळतं.

पुढे टॅबच्या सेटिंग्जमध्ये बॅटरीच्या पानावर टर्मक्सला "अनरिस्ट्रिक्टेड" करा आणि नोटिफिकेशनमधलं वेकलॉकचं (टॅबला झोपू न देणारं) बटण दाबा, नाहीतर स्क्रीन बंद झाली की पाच मिनिटांत सगळं मेलं. रेडमी-शाओमीवर ऑटोस्टार्ट पण चालू करावं लागतं. अँड्रॉइड १४ वर बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप करून डेव्हलपर ऑप्शन्स उघडा आणि वर सांगितलेली चाइल्ड प्रोसेसची बंदी काढा.

वेब शिकणाऱ्यांसाठी, टर्मक्समध्ये पायथनचा छोटा सर्व्हर चालू करून क्रोममध्ये लोकलहोस्ट ८००० उघडलं की स्वतःचं पेज दिसतं, नेट लागत नाही. पण मोबाईल क्रोममध्ये डेव्हलपर टूल्स नसतात, जावास्क्रिप्टची एरर दिसणार कशी? त्यासाठी इरुडा नावाची छोटी स्क्रिप्ट पेजमध्ये जोडतात, कोपऱ्यात बटण येतं, त्यात कन्सोल. ती फाइल आधीच डाउनलोड करून फोल्डरमध्ये ठेवा, नेटवरची लिंक दिलीत तर ऐन पावसात ती पण गेली.

तसंच डॉक्युमेंटेशन. पायथनचं अख्खं डॉक्युमेंटेशन त्यांच्या साइटवर झिपमध्ये मिळतं, डेव्हडॉक्सची साइट ब्राउझरमध्ये ऑफलाइन साठवता येते. पावसाने जोर धरायच्या आत हे करून ठेवा.

आणि गिट पहिल्या दिवसापासून. टर्मक्स अनइन्स्टॉल केलं की त्याच्या आतला सगळा कोड जातो, घरातल्या लहानग्याने "जागा नाही" म्हणून एक ॲप उडवलं आणि अख्ख्या सेमिस्टरचं काम गेलं असं सहज होऊ शकतं. कमिट, म्हणजे त्या क्षणाची प्रत जपून ठेवणं, नेटशिवाय होतो, तो रोज करा. रेंज आली की आधी गिटहबवर पुश (त्या प्रती तिकडे पाठवा), मग व्हॉट्सॲप.

पावसाळ्याचं

या किंमतीच्या टॅबला पाण्यापासून संरक्षण जवळजवळ नसतंच, आणि पाणी गेलेला टॅब वॉरंटीत बसत नाही. रात्री घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या चार पुड्या टाकून ठेवा. तांदळात नको, पीठ पोर्टमध्ये जातं. चार्जिंगच्या ठिकाणी ओलावा असल्याची सूचना आली तर केबल लावू नका, पंख्यासमोर ठेवा. विजा चमकायला लागल्या की चार्जर भिंतीतूनच काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही, झटका तारेतून येतो, आणि तेवढा वेळ पॉवर बँकेवर चालवा. दहा हजार एमएएचची पॉवर बँक आठ हजारच्या टॅबला पूर्ण एकदाही भरत नाही, मध्ये गळती असते, त्यामुळे घ्यायचीच तर वीस हजारची घ्या.